तंबाखूवाल्याच्या घरातली शिंक

निपाणीत आमची तंबाखूची वखार होती, आणि वखारीत पाऊल टाकलं की मला शिंका यायच्या. एखादी नाही, सलग सात-आठ. हमाल पोती खाली ठेवून हसायचे. "कुणावर गेलाय हा?" म्हणून आप्पा वैतागायचे. आई मात्र प्रत्येक शिंकेला शांतपणे म्हणायची, "शंभर वर्षं जग रं."

आप्पा गेले. मग माझ्या चाळिसाव्या वर्षी, डोक्यावर टक्कल पडल्यावर, आईनं सांगितलं की मी दत्तक. जन्म सांबऱ्याच्या एका शेतकरी घरातला. मला आधी वाटलं, चला, शिंकांचा उलगडा झाला! नंतर मात्र दोन दिवस घास उतरेना. इतकी वर्षं मी कुणाच्या घरात शिंकत होतो?

शेवटी सांबऱ्याला गेलो. थोरल्या भावानं मिठी मारली आणि पाहुणचार म्हणून तंबाखूची चंचीच पुढं केली. त्या घरात म्हाताऱ्यांपासून सुनांपर्यंत सगळे मजेत तंबाखू मळत होते. शिंक एकालाही नाही. मी आठ वेळा शिंकलो आणि दर वेळी उगाच थांबून राहिलो. कुणी काहीच म्हणालं नाही.

परतलो तर आई दारातच उभी. "कळलं काय रं, कुणावर गेलायस?"

"न्हाय गं. तिथं बी कुणी शिंकत न्हाय."

"मग आता?" तिचा आवाज जरा कापला.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि कोटाला चिकटलेल्या तंबाखूनं घात केला.

"शंभर वर्षं जग रं," आई म्हणाली. "चाळीस झाली, साठ उरली. हातपाय धू, जेवाय वाढते."