सोबतीला येणारी वत्सला

वत्सला आज सकाळी गेली.

एम.एस्सी. न होताच गेली.

हे वाचून तिची नातवंडं दचकतील. आजी कॉलेजात जायची एवढंच त्यांना ठाऊक. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोहोचली होती, हे त्या घरात कुणी फारसं बोललंच नाही.

म्हणून मी बोलते. माझं तोंड कोण धरणार आता!

बहात्तर-त्र्याहत्तरचा सुमार. आम्ही दोघी बॉटनीच्या. ती भाईंदरजवळच्या गोडदेव गावची, घरचं मिठागर आणि भातशेती. मी भाईंदरला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रत्नागिरीकराची मुलगी.

दुसऱ्या वर्षाला स्पेशल पेपर निवडायचा होता. इकॉलॉजी नुकताच सुरू झाला होता. पर्यावरण हा शब्द आमच्या खोलीत तोवर कुणी उच्चारला नव्हता.

बाबांनी विचारलं, "हे शिकून काय होतं गो?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

खरंच माहीत नव्हतं. वत्सलाने नाव दिलं म्हणून मी दिलं. तिचं म्हणणं सरळ होतं. "आपल्या दाराशी खाडी हाय. आपुन न्हाय शिकायचं तर कोनी शिकायचं?"

आता याच विषयाच्या मास्टर्स कोर्सची गुळगुळीत ब्रोशर्स निघतात. सस्टेनेबिलिटी, क्लायमेट आणि काय काय. बघून बरं वाटतं. आमच्या वेळी सगळा कोर्स म्हणजे एक सर, एक कपाट आणि आम्ही दोघी. त्या कपाटाचं दारही धड लागत नसे.

फील्डवर्क घोडबंदरच्या खाडीत. ओहोटीला तिवरांच्या झाडीत शिरायचं, चिखलाची सॅम्पल्स घ्यायची, कुठलं झाड किती खारेपणा सोसतं ते बघायचं. परतीच्या एसटीत आमच्या शेजारी कुणी बसायचं नाही, इतका वास यायचा.

वत्सला पाय पसरून म्हणायची, "बघ, कशी ऐसपैस जागा मिळाली."

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. घोडबंदरजवळच्या चेणे गावात दिली. नवरा गरीब स्वभावाचा, सासू खमकी.

"शिकली तेवढी पुरं झाली," सासूबाई म्हणाल्या. वत्सलाचं नाव हजेरीपटावरून कमी झालं.

आणि इकडे माझी पंचाईत. बाबा अडून बसले. "वर्गात तू एकटी. खाडीत पण तू एकटी आणि ते सर. नाय हां. कोण सोबत असेल तर जा, नायतर सोड."

सर देवमाणूस होते. पण तेव्हा घराघरांत हेच चालायचं, आणि बाबांसमोर माझी काय टाप!

मी चेण्याला गेले, रडायलाच. ती भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. मला रागच आला. वाटलं, लग्न झालं आणि परकी झाली.

पुढच्या फील्डवर्कच्या दिवशी, तेवढ्या एका दिवसापुरतं आईला बरोबर घेऊन घोडबंदरला गेले. 'सर, मी सोडतेय' एवढं सांगून परत यायचं होतं.

एसटीच्या थांब्यावर वत्सला उभी. हातात हिरवा चुडा, लुगडं वर खोचलेलं, काखेत डब्याची पिशवी.

"अगं, सासूला काय सांगितलंस?"

"सांगितलं, मैत्रिणीला सोबतीला कोनी न्हाय."

"मग?"

"मंग काय! म्हनाल्या, जा बाय. पोरीच्या जातीला सोबत नको व्हय?"

शिकायला जाते म्हटलं असतं तर दाराला कडी लागली असती. सोबतीला जाते म्हटल्यावर सासूबाईंनी स्वतः डबा बांधून दिला. दोघींचा!

तिथून पुढे ती येतच राहिली. खाडीत आली, कॉलेजात आली. कॉलेजात शेवटच्या बाकावर बसायची. आमच्या वर्गात शेवटचा बाक म्हणजे दुसरा.

सर प्रश्न विचारायचे, मी छताकडे बघायचे आणि उत्तर मागून यायचं. सर हसून म्हणायचे, "सोबतीणबाई, यांनाही जरा बोलू द्या."

ते हसणं अजून कानात आहे. इतकं छान वर्ष मला पुन्हा मिळालं नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा सर तिला म्हणाले, "तुम्ही बसाच. नाव परत घालायचं मी बघतो. घरी येऊन बोलू का?"

वत्सला हसली. "नको सर. परीक्षेला सोबत लागत न्हाय."

परीक्षेला मी एकटीच बसले.

मला फर्स्ट क्लास मिळाला. पुढे जन्मभर तोच विषय शिकवला, दारावर प्राध्यापक म्हणून पाटी लागली. वत्सलाने चेण्यात संसार केला, चांगला केला.

दोघींचे केस पिकल्यावर एकदा तिला विचारलं, "वत्सले, वाईट नाही वाटत?"

मला वाटलं, नाही म्हणेल. आमच्या वेळच्या बायका नाहीच म्हणतात.

"वाटतं की," ती म्हणाली. "तुझ्या दारावरची पाटी वाचली की वाटतं. म्हून बेल वाजवताना मी तिकडं बघत न्हाय."

मग माझ्या चहात साखर कमी आहे म्हणून नावं ठेवली, आणि दुसरा कप मागितला.

पोरांनो, आता घरी माणसं येतील. आजी सुगरण होती, प्रेमळ होती, कुणाला विन्मुख पाठवलं नाही, असं सगळे म्हणतील. खरंच आहे ते.

पण तुम्ही आधी हे सांगा, की आमची आजी शिकलेली होती. इकॉलॉजी शिकली होती, संपूर्ण. नुसतं तिला परीक्षेला जाऊ दिलं नाही.

वत्सले, तुला रडत रडत निरोप देतेय. फार आठवण येईल गं.