ठोका देणाऱ्याला खूण नसते

आमच्या घरात चहा गार झाला की "गार झालाय" असं कुणी म्हणत नसे. अंगठा खांद्यावरून मागे दाखवायचा, बस्स. म्हणजे परत गॅसवर ठेव. सपाट पंजा म्हणजे पुरे. एक बोट म्हणजे थोडंसं, मिटलेली मूठ म्हणजे भरपूर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी सवयीने सासऱ्यांना अंगठा दाखवला, तर त्यांना वाटलं, ही पोरगी मला घराबाहेर व्हायला सांगतेय. घरात केवढा गोंधळ झाला म्हणून सांगू! शेवटी आईला येऊन समजूत घालावी लागली.

या खुणा बाबांनी कारखान्यातून घरी आणल्या होत्या. बाबा आमच्या गावच्या फोर्जिंग कारखान्यात मोठ्या हॅमरवर होते. फोर्जिंग म्हणजे लोखंड तापवून, ठोकून आकार द्यायचा. लोहाराचंच काम, फक्त इथे हातोडा दुमजली घराएवढा. तो पडला की कामगारांच्या चाळीत आमच्या फळीवरच्या बश्या वाजायच्या. पाहुणे दचकायचे. आम्हाला मात्र हॅमर बंद पडला की चुकल्यासारखं व्हायचं.

कारखान्याची सुरुवात पत्र्याच्या एका शेडमध्ये झाली. म्हातारे मालक स्वतः भट्टीपाशी उभे राहून फावडी आणि पहारी करून घ्यायचे. तेव्हा काका तिथे लागले, बाबांचे थोरले भाऊ. मग त्यांनी बाबांना आणलं. पुढे फावडी सुटली, ट्रकचे ॲक्सल आले, आणि कुठल्याशा बंद पडलेल्या गोदीतला तो अजस्र जुना हॅमर मालकांनी उचलून आणला. तो बसवला त्या दिवशी जोडी ठरली. चिमट्यावर काका, दांड्यावर बाबा.

हे काम नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चिमटेवाला तापून पिवळाधमक झालेला तुकडा साच्यावर धरतो. चिमटा वरून साखळीला टांगलेला असतो, म्हणून त्याचा एक हात मोकळा. दांडेवाला समोर उभा. तो दांडा ओढतो तेव्हा हॅमर पडतो. आवाज असा की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून खुणा. एक बोट, हलका ठोका. मूठ, पुरा ठोका. पंजा, पुरे. आणि अंगठा खांद्यावरून मागे, म्हणजे माल गार पडला, परत भट्टीत. दांडेवाल्याने फक्त त्या हाताकडे बघायचं. विचारायचं नाही, थांबायचं नाही. त्याने आपलं डोकं चालवलं तर समोरच्याचा हात जातो. त्यामुळे सगळ्या खुणा चिमटेवाल्याच्या. दांडेवाल्याला एकसुद्धा खूण नाही. ठोका हेच त्याचं उत्तर.

बाबांना हे काम शोभलंही. बोलणं मुळातच कमी, आणि बोलले तर तोडून. आईने हौसेने नवा चष्मा करून आणला. "कशी दिसते मी?" तर म्हणाले, "घुबडासारखी." आई दोन दिवस धुमसत होती. "एकदा तरी गोड बोलशील की नाही रे बाबा," असं काकासुद्धा त्यांना म्हणायचे. काका म्हणजे उलटा कारभार. सदा हसतमुख, पाहुणा दिसला की छाती चार बोटं वर. पण दोघांचं गूळपीठ असं की काका सकाळी दारात खाकरले की बाबांचा पाय चपलेत गेलेला असायचा. आमची घरं शेजारी शेजारी, मधे एकच भिंत.

मग विमानाचं काम आलं. मालकांनी किती वर्षं त्याच्यासाठी उंबरे झिजवले होते! विमान उतरतं तेव्हा सगळं वजन चाकांच्या वरच्या पायावर येतं. तो पाय आमच्याकडे ठोकून बघायचा होता. नमुन्याचा माल पसंतीला उतरला तर कारखान्याचं नशीब उघडणार. काम देणाऱ्या कंपनीची माणसं बघायला आली, टोप्या घालून हॅमरपासून लांब उभी राहिली.

दिवसभर काम देखणं चाललं. शेवटचा तुकडा साच्यावर आला तेव्हा भट्टीच्या दाराशी जरा खोळंबा झाला होता, आणि माल यायला उशीर झाला. पिवळा जाऊन तो लालसर व्हायला लागला होता. आकार मात्र जवळजवळ भरला होता, एका ठोक्याचं काम उरलं होतं. परत भट्टीत घालायचा म्हणजे पाहुण्यांपुढे काम थांबणार, सगळे घड्याळं बघणार. काकांनी पाहुण्यांकडे एक नजर टाकली आणि मूठ दाखवली. बाबांना रंग दिसत होता. बाबांनी ठोका दिला. टाळ्या पडल्या.

विमानाच्या कामाची एक रीत आहे. घाण्यातला पहिला आणि शेवटचा तुकडा कापून बघतात. चांगला, धडधाकट तुकडा करवतीखाली घालायचा, ॲसिडने धुवायचा. मग लाकडात असतात तशा रेषा पोलादात दिसायला लागतात. शेवटच्या तुकड्यात त्या रेषा एके ठिकाणी दुमडल्या होत्या. गार मालावर ठोका बसला की वरची कातडी आत दुमडते आणि तिथेच दबून बसते. वरून गुळगुळीत. आत मात्र चीर तयार. एक तसा निघाला म्हटल्यावर बाकीच्यांची खात्री कोण देणार? सगळा घाणा भंगारात गेला आणि पाहुणे हात हलवत परत.

मालकांनी सगळ्यांना हॅमरपाशी उभं केलं. "हे कुणी केलं?" एवढंच विचारलं. काका काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "खूण त्याने केली. मी ठोका दिला."

झालं. खरं होतं ते, शब्दन् शब्द खरं. काकांना चिमट्यावरून काढून मागच्या अंगणात भंगार उचलायला लावलं. ज्या माणसाने कारखान्याचं पहिलं फावडं ठोकलं, त्याला पोरांसोरांच्या देखत गाडा ढकलताना बघून काकू घरात तोंडाला पदर लावून रडली. त्या दिवसापासून काकांनी बाबांशी बोलणं टाकलं. बाबांनीही एकदाही त्यांना हाक मारली नाही.

मला तेव्हा दोघांचाही असा संताप यायचा! मी दोघांचं डोकं खाल्लं. काका म्हणाले, "मूठ मी दाखवली, नाही कुठे म्हणतो? पण 'आमच्याकडून झालं' म्हणाला असता तर काय जीभ झडणार होती त्याची? शिक्षा मला एकट्यालाच झाली असती तरी चाललं असतं गं. मी एकटा पडलो त्याचं दुःख." बाबांना सांगितलं तर म्हणतात, "विचारलं ते सांगितलं. विमानात माणसं बसतात." आता यावर काय बोलणार, कपाळ? दोघंही खरे. दोघंही हट्टी. मधल्या मधे आम्ही बायका मागच्या दाराने साखर-पीठ देत घेत राहिलो.

गंमत म्हणाल तर पुढेच आहे. काकांच्या जागी आलेल्या कुणाशीच बाबांचा मेळ बसेना. एकाची खूण उशिरा यायची, दुसऱ्याचा हात थरथरायचा. माल वाया जायला लागला. शेवटी मालक स्वतः भंगाराच्या अंगणात गेले आणि काकांना हाताला धरून हॅमरपाशी घेऊन आले. पुन्हा तीच जोडी. विमानाचं काम परत मिळालं, आणि या वेळी पसंतीला उतरलं. मग नवी शेड आली, आणखी विमानं आली, मालकांचा फोटो कचेरीत लागला. एवढी सगळी वर्षं हे दोघे समोरासमोर उभे राहून दिवसभर हातांनी बोलत, आणि सुट्टीचा भोंगा झाला की एक पुढच्या फाटकाने घरी, एक मागच्या. अहो, रस्ता एकच होता! काका हळू चालायचे आणि बाबा मुद्दाम टपरीवर थांबायचे, वाटेत गाठ पडू नये म्हणून.

आता तो हॅमर चालत नाही. नव्या शेडमध्ये प्रेस आहे, काचेच्या खोलीत बसून मुलं बटणं दाबतात आणि आवाज एवढासाही येत नाही. जुना हॅमर रंगवून फाटकाशी ठेवलाय. भोवती फुलझाडं. बाबा त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. दोघे निवृत्त झाले, आई गेली, बाबांचे कान साफ गेले, आणि मी त्यांच्यापाशी राहायला आले. जोडी सुटली आणि दोघांमधल्या त्या खुणाही गेल्या. भिंतीच्या पलीकडे काका खोकायचे ते मला ऐकू यायचं, बाबांना यायचं नाही. मला एकच धास्ती होती, की दोघांतला एक जाईल आणि दुसरा उरलेलं आयुष्य त्या भिंतीकडे बघत काढेल.

गेल्या वर्षी काकांना झटका आला. वाचा गेली, एक बाजू गेली. डॉक्टरांनी काकूला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी बाबांच्या पुढ्यात पाटी धरली, मोठ्या अक्षरात लिहिलं, चला.

"तो बोलायचा नाही," बाबा म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज हल्ली गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

बोलूच शकत नाहीत, मी लिहिलं.

"मग जाऊन काय करू? त्याला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही."

माझं डोकंच फिरलं. पाटी आपटली आणि ओरडले, "जन्मभर दोघांना सगळं येत होतं तेव्हा काय दिवे लावलेत?" त्यांना शब्द कळले नसतील, तोंड मात्र कळलं. उठले, सदरा घातला. बटणं खालीवर लावली होती. मला एकदम वाईट वाटलं, मीच लावून दिली.

दुपारची भेटीची वेळ. मोठा वॉर्ड, सगळ्या खाटा भरलेल्या. काकू खाटेच्या डोक्याशी बसली होती. मी बाबांसाठी तिथेच स्टूल ओढलं, तर ते बसले नाहीत. खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले, काकांच्या बरोब्बर समोर, दोन्ही हातांनी लोखंडी कठडा धरून. हॅमरवर असेच उभे राहायचे. मला ते नंतर सुचलं.

काकांनी डोळे उघडले. बाबांकडे बघितलं. मग चांगला होता तो हात चादरीवरून हळूहळू वर आला, आणि अंगठा खांद्यावरून मागे गेला.

काकूला वाटलं, उशी टोचतेय. तिने उशी सारखी केली. काकांनी मान हलवली, पुन्हा अंगठा मागे. आता मला कळलं असं मला वाटलं. कपाटावर चहाचा कप होता, गार झालेला. मी म्हटलं, "आणते हं काका, गरम करून," आणि कप घेऊन निघाले.

"चहा नाही," बाबा म्हणाले.

मी वळून बघितलं. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही. काका तिसऱ्यांदा अंगठा दाखवत होते. खूण स्वच्छ होती. माल गार पडलाय. परत भट्टीत. त्या दिवशी पाहुण्यांपुढे जी खूण करायची राहिली होती, ती काका आता करत होते. माझ्या हातात कप तसाच राहिला आणि डोळ्यांना धारा लागल्या.

बाबांनी कठडा घट्ट धरला. ओढायला दांडा नव्हता, आणि दांडेवाल्याला खूण नसते. त्यांचा हात वर झाला आणि काय करावं ते न कळून खाली आला. मग ते बोलले. त्या त्यांच्या आवाजात, सबंध वॉर्ड दचकेल असे.

"दादा, आमच्याकडून झालं! मालकांना तसं सांगायला हवं होतं मी. दोघांकडून झालं!"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली. काकू तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. काकांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं, आणि त्यांनी हात वर केला. सपाट पंजा. पुरे.

इतकी वर्षं तो पंजा दिसला की बाबांचा हात जागच्या जागी थांबायचा. एकदाही त्यांनी ती खूण मोडली नव्हती. या वेळी ते थांबले नाहीत. खाटेला वळसा घालून काकांच्या जवळ आले, तो उघडा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा ओरडले, "दोघांकडून झालं, दादा!"

नर्स धावत आली. "आजोबा, हळू! पेशंट आहेत इथे."

बाबांना ऐकू आलं नाही. ते परत तेच म्हणाले.