झुलालनानाच्या नावाचे गहू

देवचंदचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. विहिरी खोदणाऱ्याला ऊन चढायच्या आत दगडाशी भिडावे लागते. वयाने काम सुटले तरी ती सवय सुटली नाही. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या कॉलनीत एवढ्या पहाटे दोघेच जागे असत. एक देवचंद आणि दुसरी शेजारच्या झुलालनानाची पाण्याची मोटार.

कॉलनी जुनी होती. कंपाउंडच्या भिंतींना शेवाळ धरलेले, दारातली अशोकाची झाडे विजेच्या तारांपर्यंत पोहोचलेली. मुले पुण्या-नाशिकला, म्हातारे घरी. संध्याकाळी ओपन स्पेसमधल्या देवळाच्या ओट्यावर सगळे जमायचे आणि कोणाच्या घरात काय शिजले इथपासून कोणाचे कोणाशी बिनसले इथपर्यंत सगळे तिथे कळायचे. देवचंदने शिंदखेड्याकडच्या काळ्या खडकात पहार मारून गल्लीच्या टोकाचा प्लॉट घेतला होता. घराच्या भिंती त्याने आणि कलाबाईने स्वतः उचलल्या. शेजारी झुलालनानाचे दुमजली घर. नानाचे चौकात किराणा दुकान होते.

नळाची लाइन या दोन घरांपाशी संपत होती. पाणी काही दिवसांआड यायचे, तेही करंगळीएवढे. झुलालनाना नळाला थेट मोटार लावायचा आणि देवचंदचा नळ नुसता फुसफुसायचा. गल्लीत एकदोघांना शंका होती. पण नाना श्रावणात खानदेशातली देवी कानबाई घरी बसवायचा, सगळ्या कॉलनीला आरतीला बोलवायचा, कोणाच्या घरी लग्न निघाले की मांडे करणाऱ्या बाया शोधून आणायचा. त्याला कोण बोलणार?

कलाबाई मागच्या गल्लीतून हंडे आणायची. एका सकाळी नानाच्या फाटकासमोरच तिचा पाय घसरला. तिथे ओल होती, कारण नाना पाइप धरून अंगण धूत होता. कलाबाईच्या खुब्याचे हाड मोडले. ती जमिनीवर पडलेली असताना नाना पाइप न सोडता म्हणाला, "या वयात हंडे कशाला उचलायचे, वहिनी? घरी बसायचं."

देवचंदने ते वाक्य ऐकले. बायकोला उचलून रिक्षात घातले, दवाखाना झाला, तिच्या खुब्यात सळई बसली, वॉकर आला. वाक्य त्याच्या डोक्यातून गेले नाही.

आधी त्याने नळाचा खड्डा खोल केला. नळाचे तोंड जितके खाली, तितके पाणी आधी आपल्याकडे, हे कॉलनीत सगळेच करायचे. बाकीचे मजूर लावून गुडघाभर खोदायचे. देवचंदने स्वतः कमरेएवढे खोदले. बाजू पहारीने सरळ तासल्या, आतून सिमेंट लावले, उतरायला पायऱ्या ठेवल्या. कच्चे काम त्याने जन्मात केले नव्हते. पाइपचे तोंड तळाशी उघडेच ठेवले. पाणी आले, खड्डा भरला, आणि तासाभरात रिकामा झाला.

कारण त्याला प्रमिलाबाईकडून कळले. प्रमिलाबाई म्हणजे नानाची बायको. देवचंदने त्या सकाळी खड्ड्याच्या पाण्यात साबणाने हातपाय धुतले होते. दुपारी ती फाटकावर कोणाला तरी सांगत होती, "आज नळाला फेस येतोय बघा. साबणाचा वास मारतोय."

देवचंद उभ्या जागी समजला. वरून पाणी बंद झाले की नानाची मोटार उलटे ओढत होती. त्याच्या खड्ड्यातून.

"तोटी बसाडी द्या ना," कलाबाई म्हणाली. "घडीभरनं काम शे."

"नही. पिऊ दे त्याले."

"मंग हौद कव्हय बांधश्यात?"

हौद म्हणजे तिच्यासाठी. घरातच, ओट्याच्या उंचीचा, वाकावे लागू नये असा. त्यासाठी देवचंद म्हातारपणी पुन्हा विहिरीच्या कामावर जात होता. पहिल्या बसने शिंदखेडा, दिवसभर पहार आणि घमेले, संध्याकाळी परत. तरण्या पोरांच्या बरोबरीने दगड काढायचा आणि बरोबरीची मजुरी घ्यायचा. ती मजुरी कलाबाईच्या पेटीत साठत होती.

"बांधसू," तो म्हणाला. "पहिले हाई व्हई जाऊ दे."

श्रावणातला कानबाईचा रविवार आला. नानाच्या घरी मांडव पडला. त्या दिवशी पहाटेच पाणी येऊन गेले. खड्डा भरला तसा देवचंदने आदल्या दिवशी आणलेला गेरू त्यात कालवला. चौथऱ्याला लावतात तो गेरू. त्याच्या मनात साधे होते. आरतीला सगळी कॉलनी जमेल, नानाच्या नळाला लाल पाणी येईल, आणि ते कुठून आले हे तो सगळ्यांसमोर सांगेल.

ते त्याच्या मनासारखे झाले नाही. नानाची सून मृणाली देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे पीठ मळायला बसली होती. हे पीठ साधे नसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घेऊन दळलेले असते. स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या नळावर तिने तांब्या भरला आणि परातीत ओतला. पीठ लाल झाले.

ती किंचाळली. बाया धावल्या. कॉलनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या ताईबाईंनी परातीकडे पाहिले, नळ सोडून पाहिला. लाल धार. त्यांनी हात जोडले.

"कुंकू पाडलं आईनं," त्या म्हणाल्या.

घडीभरात गल्ली भरली. बाया वाट्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. नाना पाटावर उभा राहून सांगू लागला, "आमच्याकडे तीन पिढ्या कानबाई बसते. सेवा कुठे जात नाही." एकजण त्याच्या पाया पडला.

देवचंद फाटकात उभा राहून हे बघत होता. पडलेल्या बायकोला ज्याने घरी बसायला सांगितले, त्याच्या पाया लोक पडत होते. तो गर्दीत शिरला.

"गेरू आहे तो," तो म्हणाला. "माझ्या खड्ड्यातला."

"देवचंद, आजच्या दिवशी तरी नको," नाना समजुतीच्या आवाजात म्हणाला.

"माझ्यासोबत चला सगळे. खड्डा अजून निम्मा भरलेला आहे. नाना, तू मोटार लाव."

"मोटार कसली?"

"जिन्याखाली गोणपाटाने झाकली आहे ती. तू लावतोस की मी लावू?"

कोणीतरी हसले. मग ताईबाईच म्हणाल्या, "लाव रे झुलाल. खोटं असेल तर खोटं ठरेल."

नाना जागचा हलला नाही. मृणालीने डोळे पुसले, जिन्याखाली गेली आणि बटण दाबले. ती सासऱ्याकडे बघतही नव्हती. मोटार घरघरली. लोक देवचंदच्या खड्ड्याभोवती वाकून उभे राहिले. लाल पाणी भिंतीवर रेघ सोडत खाली खाली गेले. तळ दिसला. उघड्या पाइपने हवा ओढली तेव्हा तिकडे मोटारही खाकरली.

"म्हणजे वर्षभर आम्हाला वाटतं लाइनच खराब," कोणीतरी म्हणाले.

"नाना, दुकानात काटा पण असाच लावता का?" दुसऱ्याने विचारले. आता बरेच जण हसले. नानाने मान खाली घातली. देवचंदला ती मान पोटभर बघायची होती. पण त्याचा खांदा कोणीतरी धरला. वॉकर टेकत कलाबाई आली होती.

"नानानी मोटार तोडी टाकतात तरी मी काही बोलती नही," ती म्हणाली. "कानबाईना पीठले कसाले हात लाया?"

"माले काय माहीत, पीठमा जाई ते?"

"पानी पीठमाच जास."

ताईबाईंनी तिथेच निवाडा केला. मोटार आज निघेल. कानबाई पुढच्या रविवारी बसेल. आणि ज्याने पीठ नासवले, तोच सगळे भरून देईल. गहू, डाळ, गूळ, नारळ, मांडव, गल्लीचे जेवण, सगळे.

"आणि गव्हाची मूठ पण त्यानेच टाकायची," त्या म्हणाल्या.

कलाबाईने पेटी उघडून मजुरीचे पैसे काढले.

"हौद ऱ्हाई गया," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे."

त्याने सामान नानाच्या दुकानातून घेतले नाही. बाजारात जाऊन चांगल्यातले गहू आणले, कलाबाईने बसल्या बसल्या निवडले. शनिवारी नानाच्या ओसरीवर घरातले पुरुष ओळीने बसले. ताईबाई एकेकाचे नाव घेत आणि देवचंद मूठ टाके. झुलालनानाचे नाव आले तेव्हा त्याने पहार धरलेला तो रुंद पंजा पोत्यात खोल घातला, मूठ शिगोशीग भरली आणि नानाच्या डोळ्यांत बघत सुपात सोडली. एकही दाणा खाली पडू दिला नाही.

"पुरे की," नाना पुटपुटला.

"तुझ्या नावाची आहे. कमी कशाला?"

रविवारी आरती झाली. रोट घरच्यांनीच खायचे असतात. बाहेरच्याला देत नाहीत आणि टाकूनही चालत नाही. देवचंद उंबऱ्याबाहेर उभा राहिला. प्रमिलाबाईने नानाच्या ताटात रोट वाढला. नानाने एक तुकडा तोडला, समोर देवचंदला पाहिले आणि हात ताटातच राहिला.

"खा नाना," ताईबाई म्हणाल्या. "देवीचं आहे."

नाना चावू लागला. मध्ये त्याने पाणी प्यायले आणि पुन्हा तुकडा तोडला. ताट पुसून होईपर्यंत देवचंद हलला नाही. काळ्या खडकात म्हातारपणी मारलेली पहार, पहिल्या बसची धक्काबुक्की, कलाबाईचा ओट्याएवढा हौद, सगळे त्या एका ताटात गेले होते. झुलालनानाने ते शेवटच्या कणापर्यंत खाल्ले.