गेदर, हातदोरी आणि माझी लेक

बारावीनंतर माझ्या लेकीनं कोकणातल्या एका कॉलेजात मासेमारीच्या शिक्षणाला प्रवेश घेतला, तेव्हा बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत दोन दिवस हाच विषय होता. "आपल्याकडं नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाय, अन् ही समुद्र शिकायला चालली व्हय?" शेजारीण म्हणाली. मलाही नीटसं कळलं नव्हतं. माझं माहेर वैजापूरकडचं, कांदा आणि कपाशीचं. मासा म्हणजे पैठणच्या धरणातला, तोही कधीमधी. पण पोरगी इतकी ठाम होती की आम्ही दोघांनी सह्या केल्या.

शेवटच्या वर्षी तिनं प्रकल्पासाठी एकच प्रश्न घेतला होता. गेदर म्हणजे समुद्रातला ट्यूना, मोठा ताकदीचा मासा. छोट्या बोटीवरच्या माणसानं तो पकडायचा कसा? पूर्वापार हातानं दोरी सोडून, की नव्या पद्धतीच्या रॉडनं? तिचं मन रॉडवर बसलं होतं. फोनवर तासन्‌तास सांगायची.

"आई, दोरीनं बोटं कापतात गं. आमच्या तांडेलकाकांचे हात बघ एकदा. रॉडच्या रिळाला ब्रेक असतो, मासा पळाला तरी दोरी तुटत नाय."

"मग रॉडच चांगला की," मी म्हणायचे.

"तेच तर मला दाखवून द्यायचंय."

दिवाळीत मी काम करते तो कारखाना बंद होता, म्हणून आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. सकाळी ती आम्हाला बंदरावर घेऊन गेली. ज्यांच्या बोटीवर ती वर्षभर जात होती ते तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, साठीचे, बारीक अंगाचे. तळहातांवर दोरीचे आडवे वळ होते, जुने, पांढरे पडलेले. हलती बोट बघून आमच्या ह्यांनी धक्क्यावरच बैठक मारली. "तू जाऊन ये, मी इथं चपला सांभाळतो," म्हणाले. मी गेले. अर्ध्या तासात पोटातलं सगळं समुद्राला दिलं आणि मग जरा बरं वाटलं.

पुढं एका जागी पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं. वर पक्षी गरगरत होते. तांडेलांनी बोट मंद केली, गळाला आमिष म्हणून तारलीचा छोटा मासा लावला आणि जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, पाण्यात सोडली. लेकीनं रॉड घेतला, पाय रोवले. थोड्याच वेळात दोघांच्याही गळाला मासे लागले. तांडेलांनी बोटांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेले होते. ओढ, सोड, ओढ, सोड असं करत त्यांनी मासा बोटीत घेतला आणि लगेच बर्फात घातला. माझ्या लेकीचा मासा मात्र पळतच होता. रिळाचा आवाज थांबेना. तिचे खांदे थरथरत होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. मध्येच मासा बोटीखाली शिरला, तर ती वाकून पुढच्या टोकापर्यंत रॉड फिरवत गेली. तांडेल मदतीला उठले, तिनं मानेनंच नको म्हटलं. बऱ्याच वेळानं तिनं तो वर काढला. त्यांच्या माशापेक्षा मोठा. मी ओरडलेच, "जमलं गं, जमलं!"

तिनं मात्र हसण्याआधी थर्मामीटर काढला आणि माशाच्या अंगात खुपसला. मग सुरीनं दोन्ही माशांची शेपटीकडची बाजू कापली. तांडेलांच्या माशाचं मांस लालभडक, घट्ट. हिच्या माशाचं फिकट, पाणचट, शिजत आल्यासारखं. मला काही कळेना.

"फार वेळ झगडला की तो आतून तापतो, आई. मांस खराब होतं. बाजारात कोणी घेत नाय."

"एका माशावरून काय ठरवतेस बाय," तांडेल म्हणाले. "तुझा गेदर मोठा होता. लिहू नको." ते तिला लेकीसारखं बायच म्हणायचे.

"हा पहिला नाय, काका. आधीचे पण असेच निघालेत." तिनं वही उघडली आणि लिहिलं. तिचा आवडता रॉड शेजारीच पडला होता. चेहरा उतरला होता, पण हात थांबला नाही.

मग तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही धरता का दोरी?" त्यांनी माझ्या बोटांवर ट्यूबचे तुकडे चढवले. मी वाळूजला बारा वर्षं मोटारीचं वाइंडिंग करते. तांब्याची केसासारखी तार गुंडाळायची. जास्त ताणली तर तुटते, ढिली सोडली तर कॉइल वाया जाते. मासा लागला आणि हाताला जो झटका बसला, तो मी जन्मात विसरणार नाही. पण पुढचं मला येत होतं. तो ओढायला लागला की बोटं सैल करायची, थांबला की घ्यायची.

"आता घे, आई! सोड... आता घे!" लेक ओरडत होती. पण ती सांगायच्या आत माझी बोटं ते करत होती. गेदर छोटाच होता, पण बोटीत आला.

"कुठं शिकलात?" तांडेलांनी विचारलं.

"कंपनीत," मी म्हणाले, तेव्हा ते खूप हसले. लेक हसली नाही. ती माझ्या बोटांकडे बघत होती आणि पुन्हा काहीतरी लिहीत होती.

प्रकल्प सादर करायचा दिवस आला, तेव्हा मला रजा मिळाली नाही. तिनं फोन चालू करून टेबलावर ठेवला. आमची जेवणाची सुट्टी होती. मी कँटीनमध्ये फोन डब्याला टेकवला आणि लाइनवरच्या बायका भोवती गोळा झाल्या. तिचं सांगून झाल्यावर एका सरांचा आवाज आला, "तुमचा मूळ प्रस्ताव रॉडच्या बाजूनं होता. आता तुम्ही हातदोरी म्हणता?"

"व्हय सर," ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडून आपली भाषा निघते. "मला रॉड आवडतो. पण छोट्या बोटीवर मासा दोरीनं लवकर वर येतो आणि चांगला राहतो. बोटं वाचवायची तर आवरण सुधारायला पाहिजे आणि ताण कसा द्यायचा ते शिकवायला पाहिजे. ते मी एका वाइंडिंग करणाऱ्या बाईकडून शिकले."

"कोण बाई?" सरांनी विचारलं.

"माझी आई."

शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी कोणी उठेना. सुपरवायझर बघायला आले, तर बायकांनी त्यांनाही गप्प बसवलं, कारण सर पुढचा प्रश्न विचारत होते आणि माझी लेक अजून उभी राहून उत्तरं देत होती.

आता ती किनाऱ्यावरच्या गावांत फिरून छोट्या बोटवाल्यांना शिकवते. परवा फोनवर म्हणाली, एका गावात तिथल्या पन्नाशीच्या तांडेलांनी तिला पहिल्यांदाच "मॅडम" म्हटलं, आणि तिनं त्यांना सांगितलं, बायच म्हणा.