मिठाला साखरेची सोबत

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत बाईंनी मला पेशीपटल विचारलं आणि मी नुसती उभी राहिले. बारावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेलं, इंग्रजी शब्द सुचेनात. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्यापासून तास संपला की फळ्यापाशी यायचं. मराठीतून समजावून सांग मला."

पंधरा दिवस मी फळ्यावर पेशीपटलाचं, म्हणजे पेशीभोवतीच्या आवरणाचं, चित्र काढत होते. स्निग्ध रेणूंचे दोन थर, त्यांत मधे मधे रुतलेली प्रथिनं. प्राणवायू त्या थरांतून सहज निसटतो, पण मीठ आणि साखर तेलकट थर ओलांडू शकत नाहीत. त्यांना प्रथिनांची दारं लागतात. आतड्याच्या पेशीवरचं एक दार मला फार आवडायचं. ते मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीनंच आत घेतं. ती दोघं गेली की पाणी त्यांच्या मागोमाग जातं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शहरातून एसटीनं ताईच्या सासरी गेले, सोयगावजवळच्या खेड्यात. ताई दारातच उभी होती, खांद्यावर चौदा महिन्यांची लेक. पहाटेपासून पोरीला जुलाब होत होते. ओठ सुकलेले, रडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं, सकाळपासून शूही झाली नव्हती. गावातली एकुलती जीप लग्नाला गेलेली, म्हणून दाजी गाडी आणायला सोयगावला गेले होते.

ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणायचे. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून आत ठेवला होता.

"पाजलं की लगेच खाली उतरतंय," त्या म्हणाल्या. "मंग कशाला पाजायचं? वाळू दे जरा पोट."

"मावशी, नुसतं पाणी आत मुरत नाय. मीठ-साखर घातली की मुरतं. जुलाब झाले तरी आतड्याचं ते दार चालू असतं."

"कसलं दार?"

मी चुलीतला कोळसा घेतला आणि ओसरीच्या फरशीवर फळ्यावरचं चित्र काढलं. पाच लेकरं वाढवलेली बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मी चुकले तर? ताई एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

"बरं, कर," मावशी शेवटी म्हणाल्या. "पण माझ्यासमोर कर."

उकळून गार केलेलं लिटरभर पाणी घेतलं. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मावशींनी पहिलाच चमचा शिगोशीग भरला. "शीग नको, मावशी, सपाट!" मी जवळजवळ ओरडलेच. मग त्यांनीच थेंब जिभेवर ठेवून फार खारट नाही ना ते पाहिलं.

पोरीनं पहिले चार चमचे ओकून टाकले. मावशींचा चेहरा पडला.

"दहा मिनिटं थांबू," मी म्हणाले. मग पुन्हा सुरू केलं, अगदी सावकाश, चमच्या-चमच्यानं. तासाभरानं ती भोकाड पसरून रडली आणि ताईच आधी किंचाळली, "अगं, पाणी आलं डोळ्यात!" थोड्या वेळानं ताईची मांडी ओली झाली. पोरीनं शू केली म्हणून तीन बायका इतक्या हसलेल्या मी तरी कधी पाहिल्या नाहीत. मावशींनी तर टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात दाजी जीप घेऊन आले. सोयगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, जीभ पाहिली.

"अंगात पाणी टिकलंय. कुणी पाजलं हिला?"

मावशींनी मला पुढं ढकललं. "हिनं. आतड्याला दार आसतंय, डॉक्टरसाहेब. मीठ एकटं गेलं तर उघडत नाय. साखर संगं न्यावी लागती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आमच्या मेडिकलच्या वर्गात निम्म्यांना हे सांगता यायचं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी ओआरएस पावडरची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, आणि पोर सुस्त वाटली तर ताबडतोब परत आणायला बजावलं.

तसं काही झालं नाही. परतताना ती दाजींच्या मांडीवर उभी राहून जीपच्या काचेवर थापा मारत होती. मावशी मात्र पुढं बसायला तयार होईनात. ती जागा एरवी त्या कुणाला देत नसत.

"तू बस तिथं," मला म्हणाल्या. "आज तुझा मान हाय."

मी बसले, ताठ मानेनं, थेट गावापर्यंत.