पाळकबाबांनी खोडलेला अध्याय

दुःखी माणसाशी कसं वागावं, यावर आमच्या पाळकबाबांइतका विचार अख्ख्या भंडाऱ्यात कुणी केला नसेल, आणि त्या विचारापायी त्यांच्याइतकी गैरसोयही कुणी सोसली नसेल. आम्ही विणकरांच्या घरातले, चर्चशी आमचा संबंध नाही. पण माझं टायपिंगचं दुकान आहे, आणि निवृत्तीनंतर बाबा नव्या पाळकांसाठी ‘पाळकीय सेवेची तात्त्विक बैठक’ लिहीत होते. पाळकाची कामं चार, असं ते मानत: बरं करणं, आधार देणं, वाट दाखवणं, समेट घडवणं. कुणाकडे जाताना त्यातलं आज कोणतं, ते आधी तळहातावर पेनानं लिहीत. एकदा ‘समेट’ लिहून एका आजाऱ्याकडे गेले, तर घरात भांडणच सापडेना. अर्धा तास नुसते अवघडून बसले. आजाऱ्याहून उंच बसायचं नाही, हाही नियम. म्हणून ते खाटेपाशी जमिनीवर बसत, आणि उठवायला मग दोघे लागत.

तिसरा अध्याय त्यांचा लाडका: ‘देव दुःख का देतो’. त्यात सात उत्तरं होती, सगळी मीच टाइप केलेली.

त्याच दिवसांत कारध्याच्या एका कोळणीचा तरणा मुलगा वैनगंगेत बुडाला. ती बाबांच्या दारी मासे विकायला यायची. बाबांना मीच स्कूटरवर घेऊन गेलो. तिनं विचारलं, “बाबा, तुमी एवढे शिकलेले. माह्या पोराले देवानं काहून नेलं?”

मला वाटलं, आता तिसरा अध्याय निघणार. पण नेहमी पुस्तकी बोलणारे बाबा म्हणाले, “मले नाही माहीत, बाई.”

मग ती बोलत राहिली आणि बाबा दुपार कलेपर्यंत ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यांनी तो अध्याय काढून टाकायला लावला. निदान एक प्रत तरी ठेवा, असं मी म्हणालो.

“उत्तरं चूक नाहीत,” ते म्हणाले. “पण जे तिच्यासमोर वाचता येत नाही, ते पुस्तकात कशाला?”

पुढे दर गुरुवारी ते तिचं ऐकायला कारध्याला जात. पुस्तक मात्र तिथंच अडलं. मग बाबांची स्मरणशक्ती विरत गेली आणि त्यांची मुलगी त्यांना लाखांदूरला घेऊन गेली.

गेल्या हिवाळ्यात ती कोळीण दुकानात आली. बाबांकडे नेशील का, म्हणाली. आम्ही एसटीनं गेलो. बाबांनी दोघांनाही ओळखलं नाही. तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय झालं, बाई?”

मी ओशाळलो. तिनं मात्र पहिल्यापासून सगळं सांगितलं, पोराच्या जन्मापासून. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं, एकदाही नजर न हलवता.

परतताना ती खिडकीतून धानाची कापलेली शेतं बघत होती. मग म्हणाली, “गावात आता कोणी आयकत नाही. सगळ्याईले माहीत हाये. बाबाले दरवेळेस नवीन वाटंल.”

उतरल्यावर तिनं लाखांदूरच्या गाड्यांच्या वेळा विचारून घेतल्या.