कबऱ्याचा उजवा पाय

साखऱ्याच्या शिवारात कुणाच्या पायात काटा मोडला की लोक दवाखान्याआधी सिंधूबाईचं दार गाठत. चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडलेली बाई. तिनं सुई लावली की काटा बाहेर आलाच म्हणून समजा. त्या हाताचा तिला थोडा ताठाही होता, आणि का नसावा?

म्हणून २००१च्या उन्हाळ्यात तिचा मेंढरं राखणारा कुत्रा, कबऱ्या, उजव्या पुढच्या पायानं लंगडायला लागला तेव्हा तिनं बेलाशक त्याचा पंजा मांडीवर घेतला. काटा दिसेना. खोल गेला असेल म्हणून तिनं पंजा कोरला. चार दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं तिसऱ्यांदा. कबऱ्या कण्हायचा, पण त्यानं दात लावला नाही. लंगडणं वाढतच गेलं. लांडग्यांच्या रानात लंगडा कुत्रा कळपाच्या कामाचा राहत नाही, ही धास्ती तिला लागली.

शेवटी नवरा पुंजाजी दोघांना जनावरांच्या डॉक्टर अंजलीबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी आधी कुत्र्याला चालवून पाहिलं. मग बोटं, मनगट, कोपर असं दाबत वर गेल्या, कबऱ्या गप्प. खांदा दुमडून, कोपर सरळ करून त्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूला अंगठा टेकवला, तसा तो कळवळला.

"मावशी, पंजात काही नाही. स्नायू हाडाला बांधणारा दोर असतो ना, तो इथं खांद्यात सुजलाय."

सिंधूबाई पंजावरच्या जखमांकडे बघत राहिली. "मंग म्या काहून कोरून राहिले व्हते?" ती म्हणाली.

गोळ्या मिळाल्या, पण खरं औषध म्हणजे दीड महिना बांधून ठेवणं. पहिल्याच सकाळी मेंढरं निघाली आणि कबऱ्यानं मागं जायला दावं असं ताणलं की दुखरा खांदा आणखीच दुखावला. तेव्हा जन्मात कधी घरी न बसलेली सिंधूबाई त्याच्याजवळ बसून राहिली. ती दिसली की तो शांत पडायचा. पुंजाजी एकटाच कळप घेऊन जायचा.

दीड महिन्यानं अंजलीबाईंनी तपासून त्याला मोकळं करायला सांगितलं. लंगडणं गेलं होतं. तरी घरी आल्यावर सिंधूबाईनं भीतभीत स्वतः खांदा दाबून पाहिला. कबऱ्या शेपूट हलवत उभा. लाडानं तिनं पंजा हातात घ्यायला हात पुढं केला.

कबऱ्यानं पाय मागं घेतला.

"बराबर हाय लेकरा तुझं," ती म्हणाली. तो कळपामागं पळाला. ती मात्र तो हात पदरात गुंडाळून बराच वेळ उंबऱ्यावर बसून होती.